निगेटिव्ह आपल्या ट्रंकेत, मग इतिहास दुसऱ्याच्या कपाटात का?

दरवर्षी १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर जवळ आला की चळवळीचे तेच दहा-बारा फोटो मोबाईलवर फिरू लागतात. कुणी रंगवलेले, कुणी मंडळाचे नाव ठोकलेले, कुणी नेत्याचा हसरा चेहरा चिकटवलेले. फोटो कुणी काढला, कुठे काढला, मागे उभी असलेली माणसे कोण, याचा पत्ता नाही. आणि वर आपणच म्हणतो, आमचा इतिहास दाबला गेला. दाबणारे होते आणि आहेत. पण जो इतिहास आपल्याच घरातल्या ट्रंकेत कुजतो आहे, त्याचा जाब कुणाला विचारायचा?

आम्ही बोलतो आहोत जुन्या निगेटिव्हबद्दल. पँथरच्या सभा, १९७९ चा लाँग मार्च, १९९४ च्या नामविस्तारापर्यंतची आंदोलने, गावोगावच्या धम्मपरिषदा, विहारांची पायाभरणी. यातले कितीतरी वस्तीतल्या आणि तालुक्याच्या स्टुडिओवाल्यांनी रोलवर टिपले. एका रोलमध्ये ३६ फोटो निघत. प्रत्येक प्रिंटला पैसे लागत, म्हणून छापले जात मोजकेच, आणि ते बहुधा मंचावरचे, हार घालतानाचे. जे छापलेच गेले नाहीत, ते आजही फक्त निगेटिव्हमध्ये आहेत. मोर्च्यासाठी भाकऱ्या थापणाऱ्या बाया, सतरंज्या उचलणारी पोरे, समता सैनिक दलाचा शेवटच्या रांगेतला सैनिक सापडला, तर तिथेच सापडेल. छापलेल्या फोटोतही कडेची माणसे कापली जात. निगेटिव्हमध्ये ती शाबूत असतात.

म्हणजे निगेटिव्ह डिजिटल करणे हे आठवणी जपण्याचे हौशी काम नाही. चळवळ कुणी केली, या प्रश्नाचे उत्तर बदलण्याचे ते काम आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी कार्यकर्त्या स्त्रियांना गाठून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिले, तेव्हा कुठे त्या स्त्रिया पुस्तकात आल्या. फोटोंच्या बाबतीत हे काम अजून बाकी आहे.

यावर तीन आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो.

पहिला, "आधी शिक्षण-नोकरीचे बघा, फोटोंचे नंतर." पण फिल्म थांबत नाही. अॅसिटेटची फिल्म दमट उकाड्यात सडते, आक्रसते, वाकडी होते. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर समजा ती मरू लागली आहे. तो रोल आधी वेगळा काढा, कारण त्याची आंबट वाफ शेजारच्या रोललाही बाधते. रंगीत फिल्मचे रंग तर नुसत्या पडून राहण्यानेही उडतात. शिक्षण-नोकरीसाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या लढूच, पण या निगेटिव्हकडे तेवढा वेळ नाही.

दुसरा, "एखाद्या मोठ्या संस्थेला देऊन टाका." स्कॅन करायला मदत जरूर घ्या, पण मूळ निगेटिव्ह कायमची देऊ नका. नाहीतर उद्या आपल्याच आजीचा फोटो पाहायला आपल्यालाच अर्ज करावा लागेल, आणि फोटोखाली ओळ असेल, 'मोर्च्यातील एक दलित महिला'. त्या बाईला नाव होते! ते नाव संस्थेच्या कपाटाला माहीत नसते, वस्तीला माहीत असते.

तिसरा, "मोबाईलवर फोटो काढला की झाले." पांढऱ्या पडद्यावर निगेटिव्ह ठेवून मोबाईलने टिपता येते, रंग उलटे करून माणसे ओळखताही येतात. पण जतनासाठी ते पुरत नाही. फिल्म स्कॅन करणारा स्कॅनर इंचाला ३२०० ठिपक्यांवर लावला, तर ३५ मिमीच्या एका चौकटीची सुमारे ४५०० बाय ३००० ठिपक्यांची प्रतिमा मिळते. मग गर्दीतला चेहराही वाचता येतो. ही मूळ प्रतिमा टिफमध्ये ठेवावी, फिरवायला जेपेग काढावी. फिल्म उलटी ठेवली गेली तर चित्र आरशासारखे उलटते, म्हणून फलकावरची अक्षरे वाचून खात्री करावी. यंत्राने रंगवलेली प्रत मूळ म्हणून खपवू नये. साडीचा रंग यंत्राने ठरवला, तर तो पुरावा राहत नाही.

आणि स्कॅन केले म्हणून कुणी मालक होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा. तेव्हा मंडळाचा शिक्का मारण्याआधी त्या स्टुडिओवाल्याचे नाव लिहा. दंगलीतल्या, अत्याचारातल्या पीडितांचे फोटो मात्र त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय बाहेर काढू नका.

आमची मागणी साधी आहे. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी करा आणि त्या पैशात स्कॅनर घ्या. तो विहारात ठेवा. एका रविवारी वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना बोलवा, भिंतीवर एकेक फोटो दाखवा आणि विचारा, "आजी, ही कोण?" नाव, गाव, साल लिहून घ्या. निगेटिव्ह ज्याची त्याला परत करा आणि प्रती तीन ठिकाणी ठेवा. फिल्म पुन्हा एकदा स्कॅन करता येईल, पण नावे सांगणारी माणसे गेली की ती पुन्हा विचारता येणार नाहीत.

जयभीम!