फ्रीमाँटची गाडी, टिळकवाडीची वही

रात्रीचे साडेआठ वाजले की टिळकवाडीत आमच्या मामांच्या घरी ताटं मांडली जायची आणि मामी स्वयंपाकघरातूनच विचारायची, "होदनेनु?" मामा कपाळावरचा चष्मा खाली घ्यायचे, मोबाईलकडे बघायचे आणि सांगायचे, "निघाला. एकोणऐंशी टक्के." मग जेवण सुरू व्हायचं.

निघाला म्हणजे माझा मामेभाऊ. बेळगावात रात्रीचे साडेआठ होतात तेव्हा उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला सकाळचे आठ वाजलेले असतात आणि तो ऑफिसला जायला गाडी बाहेर काढतो. त्याची गाडी टेस्ला, विजेवर चालणारी. हे फ्रीमाँटही त्याच गाडीचं गाव. जनरल मोटर्स आणि टोयोटा यांचा तिथला जुना कारखाना 2010 साली बंद पडला आणि तोच पुढे टेस्लाने घेतला. मामांना या माहितीचं फार कौतुक. आल्यागेल्याला सांगतात, "कारखान्याच्या दारातच राहतो की आमचा."

आता फ्रीमाँटची गाडी टिळकवाडीत कशी दिसते, ते सांगायला हवं. त्या गाडीला स्वतःचं इंटरनेट असतं. बॅटरी किती भरली आहे, गाडी उभी आहे की चालते आहे, कुठे आहे, चार्जिंग सुरू आहे का, ही माहिती कंपनीकडे जाते आणि मालकाला कंपनीच्या अ‍ॅपवर दिसते. पण त्या अ‍ॅपवर गाडीचं दारसुद्धा उघडता येतं. बापाच्या हातात मोबाईल आणि बोट चुकून भलतीकडे पडलं तर पंचाईत. शिवाय काल गाडी किती चालली, गेल्या महिन्यात किती वीज खाल्ली, असा मागचा हिशेब ते नीट देत नाही. म्हणून बाहेरच्या लोकांनी बनवलेली अ‍ॅप्स असतात. टेस्लामेट, टेसी, टेस्लाफाय ही त्यातली काही नावं. मालकाने परवानगी दिली की हे अ‍ॅप कंपनीकडून माहिती घेतं आणि तिची रोजनिशी लिहितं. भावाने असंच एक अ‍ॅप लावलं, वडिलांना नुसतं बघता येईल अशी सोय केली आणि इकडे मामांच्या मोबाईलवर ते बसवून देण्याचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी शिकवते मराठी. पण कॉलेजात आहे म्हटल्यावर घरच्यांना वाटतं, हिला सगळं येतं.

मामांना ते अ‍ॅप का आवडलं याचं कारण त्यांच्या नोकरीत आहे. ते के.ई.बी.त मीटर रीडर म्हणून लागले आणि 2002 नंतर हेस्कॉम झाल्यावर हेस्कॉममधून निवृत्त झाले. टेबल तेच, पाटी बदलली. आयुष्यभर लोकांच्या व्हरांड्यात उभं राहून आकडे टिपलेला माणूस. त्यांनी लगेच दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले: तारीख, निघाला, परत, कि.मी., युनिट, टक्के. रोजचे जाऊनयेऊन सुमारे बावन्न किलोमीटर, त्याला आठ-साडेआठ युनिट. "एका युनिटात सहा किलोमीटर गं," मला म्हणाले, "आपल्या घरात एक युनिट म्हणजे इस्त्री तासभर." भाऊ बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या वर भरत नाही, याचा मात्र त्यांना राग. पाण्याची टाकी कुणी पाऊण भरतं का? मी समजावलं, की त्या जातीची बॅटरी रोजच्या रोज काठोकाठ भरली तर लवकर झिजते, लांबच्या प्रवासाआधी तेवढी पूर्ण भरायची. पटलं नाही. पण वहीत "80 (मुद्दाम)" असं लिहू लागले.

पहिल्या महिन्यातच एक गंमत झाली. भावाचा फोन आला, गाडी रात्रभर नुसती उभी असून सकाळी बॅटरी बरीच उतरलेली असते. शोध घेतल्यावर कळलं, की ही गाडी उभी राहिली की थोड्या वेळाने झोपते. म्हणजे तिचे आतले संगणक बंद होतात आणि वीज वाचते. पण बाहेरचं अ‍ॅप सारखं दार वाजवून "काय चाललंय?" विचारत राहिलं तर तिला झोप लागत नाही. चांगली अ‍ॅप्स ही काळजी घेतात, गाडी शांत झाली की विचारणं थांबवतात. भावाने पहिल्यांदा घेतलेलं अ‍ॅप तसं नव्हतं आणि मामा ते दर अर्ध्या तासाने उघडत होते. भाऊ म्हणाला, "बाबा, तुम्ही माझी गाडी जागी ठेवताय." मामीने हे ऐकलं आणि मामांना म्हणाली, "मलगाक बिड्रि अदन्न!" नंतर भावाने दुसरं अ‍ॅप लावलं आणि प्रश्न मिटला.

खरं सांगायचं तर माझ्या मनात तेव्हाच एक खुटखुट होती. 2022 च्या जानेवारीत डेव्हिड कोलंबो नावाच्या एकोणीस वर्षांच्या जर्मन मुलाने जाहीर केलं होतं, की तेरा देशांतल्या पंचवीसहून जास्त टेस्ला गाड्यांपर्यंत तो घरबसल्या पोचू शकतो. दारं उघडणं, खिडक्या खाली करणं, भोंगा वाजवणं, गाडी कुठे आहे ते बघणं, सगळं. स्टिअरिंग आणि ब्रेक तेवढे त्याच्या हाती नव्हते. यात गाडीत खोट नव्हती. त्या मालकांनी टेस्लामेट आपापल्या संगणकावर बसवून ते इंटरनेटवर उघडं ठेवलं होतं आणि गाडीची डिजिटल किल्ली त्यातून हाती लागत होती. त्या मुलाने वाईट काही केलं नाही, उलट सगळ्यांना सावध केलं. मी भावाला विचारलं, "तू पासवर्ड बदललास ना?" तो हसला आणि म्हणाला, "ताई, मी हेच काम करतो." दुसऱ्या दिवशी त्याने गुपचूप बदलला, हे मला पुढे वहिनीकडून कळलं.

पण माझी भीती चोरांची होती. घरातलेच डोळे काय बघतील, याचा विचार मी केला नव्हता.

गेल्या एप्रिलात एका संध्याकाळी मामांनी मला बोलावलं. वही पुढे ठेवली. म्हणाले, "अकरा दिवस गाडी ऑफिसला गेली नाही."

मी आधी शिक्षकी थाटात कारणं सांगितली. घरून काम असेल. अ‍ॅप बिघडलं असेल. पासवर्ड बदलला की बाहेरच्या अ‍ॅपची परवानगी संपते आणि जुनाच आकडा दिसत राहतो. मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मीटर बंद पडलं तर आकडा हलत नाही. हा हलतोय. दिवसाला एखादा टक्का उतरतोय. आणि हे बघ." रोज मध्यरात्रीनंतर आपल्याकडे सव्वातीन, म्हणजे तिकडे दुपारी पावणेतीन वाजता गाडी तीन किलोमीटर जात होती आणि अर्ध्या तासात परत येत होती. "ही पोराची शाळा. आधी शाळा सुटताना गाडी ऑफिसात असायची. पोरगा शेजारणीबरोबर यायचा. आता बाप आणायला जातो."

तीस वर्षं लोकांच्या मीटरवरून घरात पाहुणे आले की गावाला गेले ते ओळखणारा माणूस. त्याला मी काय सांगणार?

घरी येऊन वहिनीला फोन केला. वहिनी हुबळीची, माझ्याशी मोकळेपणाने बोलते. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "ताई, त्यांनी कुणाला सांगू नका म्हटलंय." नोकरी गेली होती. एका सकाळी ईमेल आला आणि दुपारी कॉम्प्युटर परत द्यावा लागला. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाला नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज दाखल केला पाहिजे, नाहीतर दुसरी काही सोय बघायची किंवा देश सोडायचा. मुलगा दुसरीत. आईवडिलांना सांगून इकडे त्यांची झोप कशाला उडवायची, असा भावाचा विचार.

हे ठीकच होतं. पण मग वहिनी जे बोलली ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाली, "त्यांच्याकडे निदान लपवायला काहीतरी होतं. मी तर काही लपवत नव्हते. मागे एकदा रात्री मैत्रिणीकडे गेले होते, तिची तब्येत बरी नव्हती. दुसऱ्या दिवशी आईंचा फोन, काल रात्री अकराला गाडी कुठे गेली होती? त्या काळजीनेच विचारत होत्या, मला माहीत आहे. पण ताई, गाडी आम्ही दोघं चालवतो. अ‍ॅप लावताना मला कुणी विचारलं?"

मला उत्तर सुचलं नाही. अ‍ॅप मी बसवून दिलं होतं. मालकाची परवानगी घेतली होती, पण गाडीत बसणाऱ्याची कुणीच घेतली नव्हती. आपल्याकडे सुनेने कुठे जाते हे सांगून जायचं असतं. फ्रीमाँटला सांगायचीही गरज उरली नाही, नकाशावरचा ठिपका आपणहून सांगत होता. सासूचा स्वभाव कितीही मऊ असला तरी ठिपका दिसल्यावर विचारल्यावाचून राहवत नाही. मीही राहिले नसते.

मामांना मी काही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. चार दिवसांनी भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "साठ दिवस असतात ना?" आमच्या गल्लीतल्या एका मुलाच्या वेळी, 2023 साली, त्यांनी ते ऐकलं होतं. वहीत तारखेच्या आधी त्यांनी पेन्सिलीने आकडे घातले होते. पंधरावर आले होते.

मामी फोन लावायला निघाली होती. मामांनी तिला थांबवलं. मामांचं म्हणणं, पोराने सांगितलं नाही म्हणजे त्याला अजून सांगायचं नाही. मामीचं म्हणणं, सांगितलं नाही म्हणजे आपण विचारायचं. दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणजे मामा मराठीत आणि मामी कानडीत भिंतीशी बोलत होती. शेवटी मामांनी मुलाला एक मेसेज पाठवला. मला दाखवला होता. "गाडी 31 टक्क्यांवर आली आहे. चार्जिंगला लावून ठेव. कुठे बाहेरगावी मुलाखतीला जायचं झालं तर अडचण नको. पूर्ण शंभर भर."

तिकडे रात्रीचे दहा वाजले होते. पाच मिनिटांत फोन आला. बाप-लेक काय बोलले ते मला माहीत नाही, कारण मामा मोबाईल घेऊन गच्चीवर गेले. खाली आले तेव्हा मामीला म्हणाले, "तुझ्याशी बोलायचंय त्याला," आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन उगाच वात सारत बसले. मामीने त्याला पहिला प्रश्न विचारला, "ऊट आतेन?"

पुढचे दिवस वाईटच गेले. मामा आपली पेन्शन डॉलरमध्ये किती होते ते मला विचारायचे आणि मी खरा आकडा सांगायला टाळायची. मुलाखती होत होत्या. एकदा सगळं ठरलं आणि मोडलं. सत्तेचाळिसाव्या दिवशी एका लहान कंपनीने होकार दिला, पगार आधीपेक्षा कमी, पण अर्ज मुदतीत दाखल झाला. मामांनी पेन्सिलीचे आकडे खोडरबराने पुसले. मी म्हटलं, राहू द्या की, आठवण. म्हणाले, "कशाला?"

त्यानंतर मी भावाशी वहिनीबद्दल बोलले. मामांशीही बोलले, ते जास्त अवघड होतं. मामा गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "मीटर बघायला जायचो तेव्हा आधी हाक मारायचो. घरात बाईमाणूस एकटी असली तर बाहेर थांबायचो." इतकंच बोलले आणि मुलाला स्वतःहून सांगितलं, की गाडी कुठे आहे ते मला दाखवू नकोस.

भावाने आता त्यांच्यासाठी वेगळं पान करून दिलं आहे. त्यावर फक्त बॅटरीचे टक्के दिसतात आणि चार्जिंग सुरू आहे की नाही ते. नकाशा नाही, किलोमीटर नाहीत, निघाल्या-आल्याच्या वेळा नाहीत. टक्के उतरले की मामा मनाशी सहाने गुणून किलोमीटर काढत असणार, असा मला संशय आहे. पण तेवढं चालायचंच.

रात्री साडेआठला मामी आता सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर फोन लावते. कधी मुलगा उचलतो, कधी सून, कधी कुणीच नाही. वही चालू आहे. कि.मी.च्या रकान्यावर मामांनी पट्टी धरून वरपासून खालपर्यंत रेघ मारली आहे.