मानसेवी, तरीही अत्यावश्यक!

४ डिसेंबर २०२३ रोजी महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका व मदतनीस संपावर गेल्या आणि २५ जानेवारी २०२४ रोजी, म्हणजे ५२ दिवसांनी, परत कामावर आल्या. हिंगोलीसारख्या, मोठी कारखानदारी नसलेल्या जिल्ह्यात संप हा शब्द मुंबई-सोलापूरच्या गिरण्यांशी जोडण्याची आपल्याला सवय आहे. ती आता सोडली पाहिजे. खेडोपाडी नियमित कामावर असणारा आणि संघटित झालेला सर्वात मोठा श्रमिकवर्ग आज स्त्रियांचा आहे. आणि त्यांचा मालक कोणी भांडवलदार नसून खुद्द शासन आहे.

या मालकाची नीती समजून घेण्यासाठी १९७५ सालाकडे वळावे लागते. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते आणि देशात आणीबाणी होती. २६ सप्टेंबर रोजी सरकारने स्त्री-पुरुषांना समान कामास समान वेतन देणारा वटहुकूम काढला; पुढे १९७६ साली त्याचा कायदा झाला. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, २ ऑक्टोबर रोजी, ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. ती चालविणाऱ्या स्त्रियांना मात्र वेतन नव्हे, 'मानधन' देण्यात आले. एका हाताने समान वेतनाचे वचन द्यायचे आणि दुसऱ्या हाताने लक्षावधी स्त्रियांचे काम वेतनाच्या व्याख्येबाहेरच ठेवायचे, असा हा प्रकार होता. त्याच महिन्याच्या २४ तारखेला आइसलंडमधील बहुसंख्य स्त्रियांनी घरचे आणि बाहेरचे काम एक दिवस बंद ठेवून त्या कामाचे मोल जगाला दाखवून दिले, हा योगायोगही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मानधन या शब्दात मान किती आणि धन किती, याचा हिशेब सोपा आहे. एप्रिल २०२३ पासून सेविकेचे मानधन ८,३२५ रुपयांवरून १०,००० आणि मदतनिसाचे ४,४२५ वरून ५,५०० रुपये झाले. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर मदतनिसाच्या पदरी तेव्हा दिवसाला सुमारे २११ रुपये पडत होते. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर २७३ रुपये होता. शासनाने स्वतःच ठरविलेल्या मातीकामाच्या मजुरीपेक्षाही मूल सांभाळण्याची किंमत कमी ठरली! यावर, अंगणवाडीचे काम काही तासांचेच असते, असे उत्तर मिळते. दार उघडे असते तेवढेच तास हे उत्तर मोजते. गृहभेटी, वजनाच्या नोंदी, गरोदर मातांची यादी, लसीकरणाचा दिवस आणि मोबाइलवर भरावयाची माहिती हे सारे त्यात कोठेच नसते.

ही गणना चुकून झालेली नाही. मूल सांभाळणे, जेवू घालणे हा बाईचा स्वभावधर्म आणि स्वभावधर्माला मजुरी कसली, ही घरातली समजूतच येथे शासकीय धोरण बनली आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याकडे पाहा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि उचल नवऱ्याच्या हाती पडते. मोळ्या बांधून डोक्यावर वाहणाऱ्या बाईचे वेगळे खातेच नसते. मुकादमाच्या वहीत जे घडते, तेच अर्थसंकल्पाच्या वहीत घडते.

शासनाच्या या भूमिकेतील विसंगती संपामुळेच उघडी पडली. २०१७ साली सेविकांनी दीर्घ संप करून मानधनवाढ मिळविली. त्यावर मार्च २०१८ मध्ये सरकारने त्यांना 'मेस्मा' लावला. विधिमंडळात गदारोळ झाल्यावर त्याला स्थगिती द्यावी लागली. पण प्रश्न उरतोच. ज्या मानसेवी आहेत, कर्मचारी नाहीत, त्यांची सेवा अत्यावश्यक कशी? आणि ती अत्यावश्यक असेल, तर त्या कर्मचारी कशा नाहीत? २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका नागरी पद धारण करीत नाहीत असे म्हटले होते. त्याच न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. योजनेत राबणाऱ्यांना कामगार मानावे, अशी शिफारस २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने केली होती. तरीही ग्रॅच्युइटी ही २०२३ च्या संपातील एक मागणी होतीच. न्यायालयाने दिलेला हक्कही रस्त्यावर उतरून मागावा लागतो, हे आपल्या लोकशाहीचे दुर्दैव आहे.

या संपावर एक गंभीर आक्षेप आहे व तो टाळून चालणार नाही. डिसेंबर-जानेवारी हा आपल्या भागातून ऊसतोडीला माणसे जाण्याचा काळ. मागे आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांना अंगणवाडीतला आहार हाच आधार असतो. संपाची झळ बसते ती याच मुलांना. ही गोष्ट खरी आहे, आणि सेविकांना ती कोणी शिकविण्याची गरज नाही, कारण ती मुले त्यांच्याच गावची, पुष्कळदा त्यांच्याच भावकीतली असतात. पण मुलांच्या भुकेची जबाबदारी सेविकेच्या त्यागावर सोपवून शासन मोकळे होऊ शकत नाही. ५२ दिवस संप लांबू देणाऱ्यानेही त्या दिवसांचा जाब दिला पाहिजे.

येथे आपल्या पक्षाचेही कर्तव्य उभे राहते. डॉ. लोहियांनी सप्तक्रांतीत नर-नारी समतेला पहिले स्थान दिले. आपण मात्र समता परिसंवादात आणि संप मजुरीच्या प्रश्नात, अशी वाटणी करून बसलो आहोत. स्त्रीचे काम हे काम आहे, हे मान्य झाल्याखेरीज समतेला पाया नाही. आणि ते मान्य करून घेण्याचे साधन संपाइतके दुसरे नाही. मोर्चात हजारो बाया आणि व्यासपीठावर चार पुरुष, हे चित्रही आपण बदलले पाहिजे.

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. सेविकांना किमान वेतन व निवृत्तिवेतन मिळावे असे ठराव ग्रामसभांतून संमत करून घ्यावेत आणि पुढच्या लढ्यापूर्वीच पालकांना, विशेषतः ऊसतोड कुटुंबांना, सेविकांच्या बाजूने उभे करावे. सेविका आणि पालक एकत्र आले, तर मुलांच्या नावाने संप मोडण्याची संधी शासनाला मिळणार नाही. आणि आपल्या ठरावांतून 'मानधन' हा शब्द आजपासून काढून टाकावा. या स्त्रिया सेवा देतात हे खरे. पण त्या उपकार करीत नाहीत, नोकरी करतात.