मोजपट्टी युरोपची, शिवार नेकनूरचे

तंत्रज्ञान-धोरणांच्या समन्वयासाठी युरोपीय महासंघाने २००० साली लिस्बन येथे एक पद्धती स्वीकारली. उद्दिष्टे समान, निर्देशांक समान, देशोदेशींची जाहीर तुलना. सक्ती मात्र नाही. २०१० पर्यंत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्के खर्च करण्याचे उद्दिष्ट २००२ मध्ये ठरले. ते गाठले गेले नाही. तरीही आपल्याकडील विद्वज्जन या तक्त्यांची आरती ओवाळण्यात धन्यता मानतात!

वास्तविक महाराष्ट्राने प्रादेशिक तफावतीचे मोजमाप त्यापूर्वीच केले होते. दांडेकर समितीने १९८४ मध्ये तंत्रशिक्षणासह विविध क्षेत्रांचा अनुशेष जिल्हानिहाय मांडला. २०१३ मध्ये केळकर समितीला पुन्हा तोच असमतोल तपासावा लागला. निदान दोनदा झाले, उपचारांचे काय? मराठवाडा विकास मंडळाची मुदत तर ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

मग बीड तालुक्यातील नेकनूरच्या शेतकऱ्याने धोरण शोधायचे कोठे? राज्याच्या सरासरीत त्याची कोरडी विहीर दिसत नाही.

उत्तर याच जिल्ह्यात आहे. नानाजी देशमुखांनी स्थापलेल्या दीनदयाल शोध संस्थानचे कृषी विज्ञान केंद्र अंबाजोगाई तालुक्यातील डिघोळअंबा येथे आहे. कृषी विज्ञान केंद्रांच्या कार्यपद्धतीत नव्या तंत्राची चाचणी शेतकऱ्याच्याच शेतावर घेतली जाते. अंत्योदयाला साजेशी संशोधनपद्धती ती हीच. अशा चाचण्यांच्या गावनिहाय नोंदी मंत्रालयाने एकत्र कराव्यात आणि त्यांवरून विभागवार धोरण ठरवावे. ज्यात नेकनूरची नोंद नाही, त्याला महाराष्ट्राचे धोरण म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.