बोट प्रायव्हेट, समुद्र नव्हे!

अर्धा दिवस प्रायव्हेट बोट, स्नॉर्केलिंग, पॅडल बोर्डिंग... मालवणला जा की, मजा करा! पण पैसे मोजले म्हणजे समुद्र विकत घेतला, हा माज कशाला?

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखाली दिसतात ते नुसते दगड नव्हेत राव, प्रवाळ आहेत. जिवंत प्राण्यांची वसाहत, वर्षाला काही मिलिमीटर वाढणारी. दम लागला म्हणून तुम्ही तिच्यावर पाय टेकता, फोटोत मासे हवेत म्हणून पाव चुरता. नांगर एकदा घासला की कित्येक वर्षांची वाढ खल्लास. इथे ना अनडू, ना बॅकअप.

१९८७ पासून मालवणला सागरी अभयारण्य आहे. वन्यजीव कायद्यात हे प्रवाळ वाघासारखेच अनुसूची १ मध्ये आहेत. ताडोबात जिप्सीतून खाली उतरायची हिंमत होते का?

"बोटवाल्यांनाच अक्कल नाही" हे तर बोलूच नका. गिऱ्हाईक मागतं तेच ते देतात. आपण आधी विचारतो, व्हिडिओ मिळेल का? त्याऐवजी विचारा, "दादा, नांगर कुठे टाकणार?" वाळूत, हेच उत्तर हवं. नसेल तर दुसरी बोट बघा. पैशाचा जोर दाखवायचाच ना? मग इथे दाखवा!