पत्रिकेत एसटीची वेळ कुठंय?

लग्नाची पत्रिका हातात आली की एकदा नीट वाचून बघा. वर कुलदैवत असतं. खाली दोन्हीकडचे आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, 'किलबिल'मधली सगळी चिल्लीपिल्ली, आणि 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' हे असतंच. मुहूर्त तर मिनिटासकट, दुपारी १२ वाजून १७ मिनिटं. आणि स्थळ? 'राहत्या घरी, मु. पो. मुरूड, ता. दापोली.' संपलं. तिथे पोचायचं कसं, यावर एक ओळ नाही.

हल्ली पत्रिकेवर क्यूआर कोडही असतो. स्कॅन केलं की सनई वाजते आणि नवरा-नवरी समुद्रावर स्लो मोशनमध्ये चालत येतात. ते दोघं तिथे कुठल्या गाडीने पोचले, ते मात्र त्यातही नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं, 'अरे, विचारत विचारत या, गावात कुणीही सांगेल.' खरंय, गावात कुणीही सांगेल. अडचण गावात पोचायच्या आधीची आहे. हेच मुरूड घ्या. पुण्या-मुंबईत मुरूड म्हटलं की डोळ्यांसमोर येतो जंजिरा, म्हणजे रायगड जिल्हा. महर्षी कर्व्यांचं मुरूड ते नव्हे, ते रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळ. दोन्ही समुद्राकाठी, त्यामुळे फोटो बघूनही फरक कळत नाही. (तिसरं मुरूड लातूर जिल्ह्यात आहे, तिथे निदान समुद्र तरी नाही.) बरं, दापोलीला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन खेड. आता पुण्याच्या पोराला 'खेडला उतर' म्हणून बघा. त्याच्या डोक्यात खेड म्हणजे राजगुरुनगर! रत्नागिरीच्या खेडला उतरलं, तरी पुढे दापोली तीसेक किलोमीटर आणि दापोलीहून मुरूड आणखी दहा-बारा. मुंबईहून सकाळी सुटणारी मांडवी एक्स्प्रेस खेडला थांबते, पण तिथून १२ वाजून १७ मिनिटांच्या अक्षता गाठणं अवघडच. म्हणजे आदल्या दिवशी निघायला हवं. म्हणजे रात्री राहायला हवं. आणि लग्न मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी असेल, तर मुरूड-कर्दे भागातल्या खोल्या पर्यटकांनी कधीच धरून ठेवलेल्या असतात.

ही साखळी यजमानाला पाठ असते. पाहुण्याला ती एकेक करून कळते, तीही उशिरा.

कोण म्हणेल, एवढं काय त्यात, ज्याला यायचं तो येतोच. मला हे पटत नाही. नातेवाईक येतात, कारण त्यांच्याकडे गाडी असते आणि रस्ता माहीत असलेले एक काका असतात. अडकतो तो कॉलेजचा ग्रुप, त्यातही मुली. घरी पहिला प्रश्न येतो, 'राहणार कुठे? परत कशा येणार?' या दोन प्रश्नांना नीट उत्तर असेल तर बहुतेक घरांतून परवानगी मिळते. 'तिथे गेल्यावर बघू' असं म्हटलं की विषय संपला. तीन वर्षं एका बाकावर बसलेली मैत्रीण लग्नाला येत नाही, तेव्हा 'तिला यायचंच नव्हतं' असं आपण सहज म्हणून टाकतो. पुष्कळदा तिच्याकडे फक्त घरी सांगायला माहिती नसते.

पैशांचंही तेच. रस्ता सांगणारे बहुतेक जण कारवाले, त्यामुळे सगळी माहिती टोल, घाट आणि मिसळ कुठे चांगली मिळते याची. कार करायची तर प्रत्येकी वाटा किती येतो, हे हॉस्टेलवर राहणाऱ्याला विचारा. एसटीत १७ मार्च २०२३पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. चार मैत्रिणी त्यात आरामात जाऊन येतील. पण गावात जाणारी गाडी किती वाजता, आणि मुख्य म्हणजे परतीची शेवटची कधी, हे गावातल्याच माणसाला ठाऊक असतं. त्याने सांगायला नको?

आणि वेळेवर सांगायला हवं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. कोकणातल्या गाड्यांची मे महिन्यातली तिकिटं किती टिकतात, ते वेगळं सांगायला नको. पत्रिका येते लग्नाच्या पंधरा दिवस आधी. तारीख मात्र हॉल किंवा केटरर ठरवतानाच नक्की झालेली असते. छापील निमंत्रण मागाहून येऊ दे, सावकाश. तारीख आणि स्टेशनचं नाव आधी कळवा.

हे काही शहरी चोचले नाहीत. आपल्याकडे सीमांतपूजन नावाचा विधी आहे, वऱ्हाड गावाच्या वेशीवर आलं की तिथे जाऊन त्याचं स्वागत करायचं. जानवसा म्हणजे तरी काय, वऱ्हाडाच्या उतरण्याची आधीच केलेली सोय. वरपक्षासाठी हे सगळं शास्त्रात बसतं. नवरीच्या मैत्रिणींना मात्र आपण दुपारच्या उन्हात दापोली स्टँडवर सोडतो आणि वर 'लोकेशन पाठवलंय ना' म्हणतो. वाडीत रेंज गेल्यावर त्या लोकेशनचं करायचं काय?

यजमानांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्या डोक्याला आधीच शंभर व्याप. आई-बाबा मांडववाल्याच्या मागे, नवरी ब्लाउजच्या फिटिंगमध्ये. हे काम आपल्या वयाच्या भावंडांचं आहे. एसटी स्टँडवर जाऊन वेळापत्रकाचा फोटो काढायला कितीसा वेळ लागतो? शेजारच्या दोन घरांत मुलींची झोपायची सोय होईल का, हे विचारायला एक चक्कर पुरते. मग ग्रुपवर साधा मेसेज टाकायचा. मुरूड दापोलीचं, जंजिऱ्याचं नाही. रेल्वेने येणार असाल तर खेड, जिल्हा रत्नागिरी. तिथून एसटीने दापोली, पुढे गाडी अमुक वाजता, ती चुकली तर रिक्षा साधारण एवढे घेते. आदल्या रात्री मुली अमक्यांच्या माडीवर, मुलगे शाळेच्या वर्गात, पांघरूण आपलं आणा. परतीची शेवटची गाडी इतक्या वाजता, जेवणाची पहिली पंगत त्याआधी उठते. नवरीला फोन करू नका, तिच्या हाताला मेंदी असेल. खाली दिलेल्या नंबरवर तिचा भाऊ उचलेल.