मुलांसोबत ‘गर्म हवा’ पाहा

मुलं दिवसभर रील्स बघतात म्हणून आपण कुरकुरतो. पण त्यांच्यासमोर दुसरं काय ठेवतो? या रविवारी एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ लावा. सिनेमा 1973 सालचा, मूळ कथा इस्मत चुगताईंची.

आग्र्याचे सलीम मिर्झा (बलराज साहनी) जोड्यांचा कारखाना चालवतात. फाळणीनंतर एकेक नातेवाईक पाकिस्तानात जातो, कर्ज मिळत नाही, हवेली सुटते. भाड्याचं घर शोधताना नाव आडवं येतं. इथे सिनेमा थांबवा. पुण्या-मुंबईत घर शोधलेल्या आईबापांना पुढचा प्रश्न ठाऊकच आहे : ‘अब्बू, आपल्यालाही असंच म्हणाले होते?’ खरं सांगा. ज्यांनी नाकारलं ते सांगा, ज्यांनी चावी हातात दिली तेही सांगा. या गोष्टी मुलांना बाहेरून कळतातच, बहुतेक वेळा विखारासकट.

सिनेमा संथ आहे. दीडपट वेगाने पळवू नका. (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही खोड फार!) आमिनाच्या आत्महत्येचा प्रसंग आहे, म्हणून आधी स्वतः बघा, मूल तेरा-चौदाचं तरी हवं.

शेवटी पाकिस्तानला निघालेले सलीम मिर्झा टांग्यातून उतरतात आणि रोजगार मागणाऱ्यांच्या मोर्चात सामील होतात. का उतरले असतील, हे मुलांनाच विचारा.

घरात दादी-नानी असतील तर त्यांनाही बसवा. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत 1948च्या पोलीस अॅक्शनबद्दल मोठी माणसं गप्पच राहिली. हवेली सोडायला तयार नसलेली ती म्हातारी अम्मा बघून कदाचित त्या बोलू लागतील.