मुलीची पाठ झाकू नका, पाहा

गेल्या वर्षीची गोष्ट. तुळजापूर तालुक्यातील एक माता आपल्या १२ वर्षांच्या मुलीला खोकल्यासाठी घेऊन आली. पाठीला नळी लावली, तेव्हा उजव्या खांद्याचा फरा वर आलेला दिसला. आईला विचारले, तर ती हळूच म्हणाली, ''वर्षापासून दिसतंय, डॉक्टरसाहेब. पण चार लोकांत कळलं तर पोरीला कोण करून घेणार? म्हणून ओढणी नीट घ्यायला लावते.''

या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. पाठीचा कणा एका बाजूला वळतो आणि स्वतःभोवती पीळही घेतो. क्ष-किरण चित्रात हा बाक १० अंशांहून जास्त असेल, तरच त्याला हे नाव देतात. बहुतेक मुलांमध्ये नेमके कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्याने, वाकडे बसण्याने किंवा ग्रहणामुळे हा विकार होत नाही. मीसुद्धा सुरुवातीच्या काळात काही पालकांना ''दप्तर हलके करा, वाढ झाली की सरळ होईल'' असे सांगून परत पाठवले आहे. ती माझी चूक होती. वाढीच्या वयातच बाक झपाट्याने वाढतो आणि मोठा बाक मुलींमध्ये अधिक आढळतो.

बाक साधारण २५ ते ४० अंशांचा असेल आणि वाढ शिल्लक असेल, तर तज्ज्ञ ब्रेस देतात. औषधाच्या दुकानात मिळणारा कमरेचा पट्टा म्हणजे ब्रेस नव्हे. तो मापाने बनवलेला कडक प्लॅस्टिकचा साचा असतो. कणा सरळ करणे हे त्याचे मुख्य काम नाही. बाक वाढू न देणे आणि शस्त्रक्रियेची वेळ टाळणे हे आहे. अमेरिका व कॅनडातील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. रोज सुमारे १३ तासांहून अधिक वापरणाऱ्यांत तर यश ९० टक्क्यांच्या पुढे गेले. म्हणजे गुण येतो तो अंगावर घातलेल्या तासांचा.

आमच्या या मुलीचा ब्रेस मात्र पहिले दोन महिने खुंटीला होता. पाहुणे आले की काढायचा, शाळेत जाताना काढायचा! आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो घालणे सोपे नाही, हे मलाही कळते. आत शिवण नसलेला पातळ सुती बनियन घालावा, घामेजला की बदलावा. आंघोळीला आणि खेळायला, तज्ज्ञांनी सांगितले असेल तसा, ब्रेस काढता येतो. कातडी लाल राहिली किंवा सोलली, तर ब्रेस टाकून न देता बनवणाऱ्याकडून नीट करून घ्यावा.

लग्नाच्या काळजीबद्दल एवढेच सांगतो, की या विकाराच्या बहुतेक मुलींचा संसार आणि बाळंतपण इतरांसारखेच होते. जगातला सर्वांत वेगवान धावपटू उसेन बोल्ट यालाही हाच विकार आहे. लपवल्याने स्थळ वाचत नाही, उपचाराचे वय मात्र निघून जाते.

घरच्या घरी तपासणी सोपी आहे. १० ते १४ वर्षांच्या मुलीला पाय जुळवून, हात सैल सोडून पुढे वाकवा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू उंच दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतात. त्या दिवशी महिला डॉक्टरांनी आडोशाला प्रत्येक मुलीच्या पाठीसाठी एक मिनिट द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

ती मुलगी आता ब्रेस घालून शाळेत जाते. मागच्या सहा महिन्यांत बाक वाढलेला नाही. अजून दोनेक वर्षे वाट पाहायची आहे. पण परवा ती ओढणी न घेता दवाखान्यात आली, याचे मला अधिक समाधान वाटले.